विडी ओठांत, झीज कमरेत

“डॉक्टरसाहेब, विडी छातीला बाधते हे ऐकून आहे. पण कमरेचा आणि विडीचा काय संबंध?”

जुनाट कंबरदुखी घेऊन आलेल्या रुग्णाला ‘दिवसाकाठी विड्या-सिगारेटी किती होतात?’ असे मी विचारले, की हा उलट प्रश्न हमखास येतो. काहींना वाटते, डॉक्टर आता उपदेश सुरू करणार. काही जण सोबत आलेल्या बायकोकडे संशयाने पाहतात. हिनेच आधी काहीतरी सांगून ठेवले असणार! प्रश्न मात्र रास्त आहे. धूर छातीत जातो आणि बाहेर येतो. मग तो कमरेच्या मणक्यांपर्यंत पोचतो कसा? आज याच प्रश्नाचे उत्तर पाहू. कारण कंबरदुखीपायी पैसा, वेळ आणि मजुरीचे दिवस घालवणाऱ्या अनेकांना हे उत्तर कोणी सांगितलेलेच नसते. पट्टा झाला, तेल-मालिश झाले, शेक झाला, वजने लावून झाली, इंजेक्शने झाली. पण खिशातल्या बंडलाची चौकशी कोणी केली नाही, असे वारंवार दिसते.

पाठीच्या कण्यातील गाद्या

आपला पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. दोन मणक्यांची हाडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये एकेक गादी असते. मानेपासून कमरेपर्यंत अशा २३ गाद्या आहेत. गादीच्या बाहेरच्या बाजूला चिवट तंतूंचे कडे असते आणि आत मऊ, ओलसर गर असतो. तरुणपणी या गरात सुमारे ८० टक्के पाणी असते. या पाण्यामुळेच गादी दबते, फुगते आणि शरीराचे धक्के झेलते. चालताना, वाकताना, ओझे उचलताना सर्वांत जास्त भार कमरेच्या खालच्या दोन गाद्यांवर येतो. म्हणूनच बहुतेकांचे दुखणे तिथेच सुरू होते.

दिवसभराच्या भाराने गादीतील थोडे पाणी बाहेर दाबले जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा आत शोषले जाते. त्यामुळे सकाळी उठल्यावर आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. ज्याला शंका असेल त्याने भिंतीला पाठ लावून खूण करून पाहावी.

आता मुख्य मुद्दा. प्रौढ माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. बाहेरच्या कड्याच्या काठाला काही बारीक वाहिन्या असतात, तेवढ्याच. लहानपणी गादीला लागून असलेल्या वाहिन्या वय वाढते तशा मागे हटतात. त्यानंतर गादीच्या आतल्या पेशींना प्राणवायू आणि अन्न मिळते ते फक्त वरच्या आणि खालच्या मणक्यातून पाझरून. गादीच्या मध्यावरील पेशीपासून सर्वांत जवळची रक्तवाहिनी सात-आठ मिलिमीटर दूर असू शकते. पेशीच्या आकाराच्या मानाने हे अंतर फार मोठे आहे.

शेतकरी वाचकांना हे चटकन कळेल. कालव्याच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याला पाणी थोडे कमी आले तरी भागते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला, ज्याचे शेत आहे त्याचे मात्र वरचे आवर्तन जरा घटले, की पीक वाळते. मणक्याची गादी ही शरीरातील टेलची जमीन आहे. तीही पाटाच्या पाण्यावर नव्हे, ओलीच्या पाझरावर जगणारी.

धूर कमरेपर्यंत कसा पोचतो?

विडी-सिगारेटचा धूर छातीतून बाहेर येतो हे खरे. पण त्यातील काही घटक रक्तात मागे राहतात. गादीच्या दृष्टीने त्यांतील दोन महत्त्वाचे.

पहिला निकोटिन. हा रक्तवाहिन्यांना आकुंचित करतो. वाहिनी आधीच केसासारखी बारीक. ती आणखी आवळली गेली, की पाझर कमी होतो. दिवसातून वीस वेळा विडी पेटवली, तर वीस वेळा हे आकुंचन होते.

दुसरा कार्बन मोनॉक्साइड वायू. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे प्राणवायू वाहून नेणारे वाहन आहे. कार्बन मोनॉक्साइड या वाहनाला प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. म्हणजे गाडी सुटते, मुक्कामी पोचते. पण तिच्यातल्या काही जागा भलत्यानेच अडवलेल्या असतात.

प्राणवायू आणि अन्न कमी पडले, की गादीच्या पेशी उपाशी राहतात. त्यांनी तयार केलेले आम्ल वाहून जाण्याची वाटही तीच असल्याने ते साचू लागते. पेशी मरतात, गरातील पाणी धरून ठेवणारी द्रव्ये कमी होतात आणि गादी कोरडी पडते. १९८८ साली स्वीडनमधील संशोधकांनी डुकरांवर प्रयोग करून, सिगारेटच्या धुराने गादीपर्यंत पोचणारा पुरवठा घटतो हे दाखवले होते.

याशिवाय, दीर्घकाळच्या धूम्रपानाने हृदयाच्या धमन्यांत जसे थर साचतात, तसेच ते पोटातून खाली जाणाऱ्या मुख्य धमनीत आणि तिच्यापासून कमरेच्या मणक्यांकडे फुटणाऱ्या बारीक शाखांतही साचतात. हाडांची घनता कमी होते ती वेगळीच. आणि धूम्रपान करणाऱ्याचा तो नेहमीचा सकाळचा खोकला! प्रत्येक ढासेबरोबर गादीवरचा दाब एकदम वाढतो. गादी सरकलेल्या रुग्णाला खोकताना पायात कळ का जाते, ते यावरून लक्षात येईल.

जुळ्या भावंडांचा पुरावा

यावर कोणी म्हणेल, “विडी ओढणारा माणूस बहुधा कष्टाचे काम करणारा असतो. कंबर कामाने झिजली आणि नाव विडीचे!” शंका योग्य आहे. म्हणूनच फिनलंडमधील जुळ्यांचा अभ्यास मोलाचा ठरतो. एकाच बीजापासून जन्मलेल्या, म्हणजे आनुवंशिक घडण अगदी सारखी असलेल्या जुळ्यांच्या २० जोड्या निवडण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एकजण भरपूर धूम्रपान करणारा आणि दुसरा न करणारा किंवा अगदीच कमी केलेला. सर्वांच्या कमरेचा एमआरआय काढण्यात आला. धूम्रपान करणाऱ्यांच्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के अधिक आढळली. हा निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात आणखी एक लक्षणीय गोष्ट होती. झीज एखाद-दुसऱ्या गादीत नव्हे, कमरेच्या सगळ्याच गाद्यांत होती. ओझ्याने बहुधा खालच्या गाद्या आधी झिजतात. सगळ्या सारख्या झिजू लागल्या, तर कारण रक्तातून येत आहे असे समजायला हरकत नाही.

येथे अतिशयोक्ती नको. याच संशोधकांच्या पुढील कामातून दिसले, की गाद्यांच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि धूम्रपानाचा त्यामानाने लहान. धूम्रपान न करणाऱ्यांचीही कंबर दुखते आणि रोज बंडल संपवूनही ताठ चालणारे आजोबा प्रत्येक गावात एखादे असतातच. पण आईवडिलांकडून आलेली घडण बदलता येत नाही, वय मागे घेता येत नाही आणि हमालाला किंवा ऊसतोड कामगाराला ओझे टाळता येत नाही. कारणांच्या या यादीत आपल्या हाती असलेले जे थोडे आहे, त्यात विडी येते.

केवळ झीजच नव्हे, दुखण्याचेही तेच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ४० अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कंबरदुखीचे प्रमाण कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. सोडून दिलेल्यांचे प्रमाण या दोहोंच्या मध्ये होते. आणि हा संबंध सर्वांत ठळक दिसला तो कोवळ्या वयातील मुलांमध्ये. कॉलेजच्या कोपऱ्यावरील टपरीमागे उभ्या राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

‘गॅप’ म्हणजे काय?

आपल्याकडे कंबरदुखीला एक लोकप्रिय नाव आहे: “मणक्यात गॅप आली.” प्रत्यक्षात होते उलटेच. गादी कोरडी पडून चपटी होते आणि दोन मणक्यांमधली जागा कमी होते. गॅप येत नाही, असलेली गॅप जाते! जागा कमी झाली, की मागच्या बाजूच्या लहान सांध्यांवर भार वाढतो, कडेला हाड वाढते आणि कधी बाहेर आलेली गादी किंवा वाढलेले हाड नसेवर दाब आणते. मग कळ कुल्ल्यातून मांडीत आणि पोटरीत उतरते. तिलाच आपण सायटिका म्हणतो.

एमआरआयच्या अहवालात ‘झीज’ हा शब्द वाचून मात्र घाबरून जाऊ नये. कंबर मुळीच न दुखणाऱ्यांचे एमआरआय काढले, तर विशीतही तिघांतील एकाच्या गादीत झीज दिसते आणि ऐंशीच्या घरात ती जवळजवळ सर्वांना असते. झीज दिसली म्हणजे आयुष्यभराचे अपंगत्व आले असे नाही. मुद्दा एवढाच, की झीज व्हायचीच आहे तर तिला आपल्या हाताने घाई कशाला करायची?

“पण ओढली की बरे वाटते!”

विडीच्या बाजूने येणारा हा सर्वांत बळकट युक्तिवाद. माझ्याकडे येणारे एक टेम्पोचालक सांगत, “साहेब, शंभर किलोमीटर झाले की कंबर धरते. गाडी बाजूला घ्यायची, एक शिलगावायची, की पुन्हा तयार.” त्यांचा अनुभव खोटा नव्हता. निकोटिन मेंदूवर काम करतो आणि काही काळ वेदना बोथट करतो. शिवाय गाडीतून उतरून पाच मिनिटे उभे राहणे, हेच कमरेला मोठे औषध असते. त्याचे श्रेय विडी घेऊन जाते!

पण तास-दोन तासांत निकोटिनचा अंमल उतरतो. जीव कासावीस होतो, चिडचिड होते आणि दुखणे पुन्हा जाणवू लागते. पुन्हा विडी. म्हणजे दुखते म्हणून ओढतो आणि ओढतो म्हणून दुखणे टिकते, असे हे चक्र आहे. नव्याने पाठ दुखू लागलेल्या अमेरिकेतील रुग्णांचा मेंदूच्या चित्रणासह अभ्यास झाला. धूम्रपान करणाऱ्यांचे दुखणे जुनाट होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली.

टेम्पोचालकांना मी एवढेच सुचवले, की गाडी थांबवायची, उतरायचे, चार पावले चालायचे. फक्त काडेपेटी घरी ठेवायची. पहिले तीन आठवडे त्यांना फार जड गेले. कंबर पूर्ण बरी झाली असे मी म्हणणार नाही. पण तीन महिन्यांनी गोळ्या रोजच्या ऐवजी अधूनमधून लागू लागल्या आणि भाडे नाकारण्याची वेळ कमी आली. घर टेम्पोवर चालते, तिथे हा फरक लहान नव्हे.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मणक्याच्या विकारांचे उपचार घेणाऱ्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. उपचारांच्या काळात ज्यांनी धूम्रपान सोडले, त्यांच्या वेदना चालू ठेवणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झाल्या. चालू ठेवणाऱ्यांना उपचारांचा म्हणावा तसा गुण आला नाही. झिजलेली गादी पुन्हा नवी होत नाही, पण दुखणे कमी होऊ शकते, हा यातला दिलासा आहे.

ऑपरेशन ठरले असेल तर

फार थोड्या रुग्णांना शस्त्रक्रिया लागते. त्यातही दोन मणके एकमेकांना जोडण्याची जी शस्त्रक्रिया आहे, ज्याला फ्यूजन म्हणतात, ती यशस्वी व्हायची तर त्या जागी नवे हाड धरावे लागते. हाड धरायला रक्तपुरवठा लागतो. अमेरिकेतील १९८६ सालच्या अभ्यासात अशी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी धूम्रपान न करणाऱ्या ८ टक्के रुग्णांत हाड जुळले नाही. धूम्रपान करणाऱ्यांत हा आकडा ४० टक्के होता. आज तंत्र सुधारले आहे. पण धूम्रपानाचा धोका तसाच उरला आहे. जमीन गहाण ठेवून किंवा दागिने मोडून ऑपरेशनचा खर्च उभा करणाऱ्या कुटुंबाने हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. ऑपरेशनच्या काही आठवडे आधी आणि नंतर निदान सहा महिने विडी-सिगारेट पूर्ण बंद, ही अट सर्जन घालतात ती रुग्णाच्याच हितासाठी.

विडी, तंबाखू, मिसरी

“सिगारेट नाही हो, साधी विडी आहे,” असेही ऐकू येते. विडीत तंबाखू कमी असली, तरी टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही. ती विझू नये म्हणून सारखे झुरके घ्यावे लागतात. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून सिगारेटइतकेच, बहुधा जास्तच मिळतात.

आपल्या राज्यात धूर ओढणाऱ्यांपेक्षा तंबाखू तोंडात धरणारे कितीतरी अधिक. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे ४ टक्के प्रौढ धूम्रपान करतात, तर २४ टक्क्यांहून अधिक लोक तंबाखू-चुना, खर्रा, मिसरी अशा स्वरूपात ती वापरतात. वर सांगितलेले संशोधन धूम्रपानाविषयीचे आहे. चघळलेल्या तंबाखूतून कार्बन मोनॉक्साइड येत नाही. पण निकोटिन रक्तात जातोच आणि वाहिन्या आवळतोच. तेव्हा विडी सोडून पुडी धरली, म्हणजे कंबर सुटली असे नव्हे. तोंडाच्या कर्करोगाचे भय आहेच.

सोडावी कशी?

१. दिवस ठरवा. ‘हळूहळू कमी करतो’ म्हणणारे बहुधा पुन्हा मूळ आकड्यावर येतात. आठवड्याभरातली एक तारीख नक्की करा, घरात सांगा आणि त्या दिवशी बंडल, काडेपेटी, लायटर घराबाहेर काढा.

२. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. डोके दुखेल, झोप कमी येईल, चीड येईल. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. या काळात कंबर थोडी जास्त दुखल्यासारखी वाटेल. ‘विडी सोडली म्हणून वाढले’ असा अर्थ काढू नका. घरच्यांनीही या दिवसांत टोमणे मारू नयेत.

३. तलफ पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ टाळा. घोट घोट पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका, उठून चाला.

४. निकोटिनचे च्युइंग गम औषधाच्या दुकानात मिळते. डॉक्टरांना विचारून घ्यावे. साध्या गमसारखे ते भराभर चघळायचे नसते. थोडे चावायचे, तिखटसर चव आली, की गालात धरून ठेवायचे. त्याच्या आधी पाव तास चहा-कॉफी नको. त्यातही निकोटिन असतो हे खरे. पण तो मोजका, धुराविना आणि ठरावीक मुदतीपुरता. मणक्याचे ऑपरेशन ठरले असेल, तर सर्जनलाही विचारावे.

५. सरकारची मोफत मदतवाहिनी आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. तंबाखूच्या वेष्टनावरही तो छापलेला असतो.

६. सोडल्यावर भूक वाढते आणि वजन थोडे वाढू शकते. कमरेला वाढते वजन परवडणारे नाही. म्हणून रोज अर्धा तास चालणे याच दिवसांत सुरू करा. चालण्याने गादीचा पाझरही सुधारतो. दिवसेंदिवस अंथरुणाला खिळून राहणे मात्र कमरेला हितकारक नाही.

७. एखाद्या लग्नात, एखाद्या मुक्कामी पुन्हा ओढली गेली, तर ‘आता मोडलेच’ म्हणून हार मानू नका. कायमची सोडलेल्यांपैकी पुष्कळांना ती एकाहून अधिक प्रयत्नांनी सुटलेली असते.

ही लक्षणे अंगावर काढू नका

विडी बंद करून पाहू, असे म्हणत थांबू नये अशीही काही कंबरदुखी असते. पायातील शक्ती कमी होणे, पाऊल लटके पडणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा बसायच्या जागी बधिरपणा येणे, असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री आडवे झाल्यावरही न थांबणारे दुखणे असेल, तर मणक्याचा क्षयरोग किंवा अन्य गंभीर आजार नाही ना, हे तपासून घ्यावे. धूम्रपान करणाऱ्यांना क्षयाचा धोकाही अधिक असतो.

कंबरदुखीच्या उपचारात व्यायाम, योग्य बसणे-उठणे, वजनावर ताबा आणि गरजेपुरती औषधे यांचे जे स्थान आहे, तेच धूम्रपान सोडण्याचे आहे. तो उपदेश नव्हे, उपचारच आहे. आणि सगळ्या उपचारांत हा एकच असा, की ज्यात पैसे खर्च होण्याऐवजी वाचतात. पुढच्या खेपेस एक्स-रेचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा खिशातले दुसरे पाकीटही टेबलावर ठेवा, आणि येताना ते तिथेच विसरून या.